न्यायमूर्ती रानडे : कबुली आणि प्रायश्चित्त

निफाड आणि येवला हे आपल्या नाशिक जिल्ह्यातील दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, हे आपल्या शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही न अडखळता सांगतो. त्या घोषणेच्या ९३ वर्षे आधी, १८ जानेवारी १८४२ रोजी, शेजारच्या निफाडला महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात असते. बौद्ध संस्थेच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत रानड्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, स्वतः बाबासाहेबांनी रानड्यांवर एक दीर्घ व्याख्यान दिले आहे आणि तेही रानड्यांच्या जयंतीच्या दिवशी. दुसरे उत्तर असे की, चूक कबूल करणे म्हणजे नेमके काय, ती कोणासमोर करावी आणि कोणाच्या दडपणाखाली करू नये, हे समजून घेण्यासाठी महाराष्ट्राच्या इतिहासात रानड्यांच्या जीवनाइतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. ते व्यवसायाने न्यायाधीश होते. तरीही धर्मपीठासमोर आरोपी म्हणून उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली.

रानड्यांचे वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. पुढे ते कोल्हापूर संस्थानात गेले आणि महादेवचे बालपण तेथेच गेले. शिक्षणासाठी तो मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत आला. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. तिच्या अगदी पहिल्या पदवीधरांत, १८६२ साली, रानड्यांचे नाव आहे. १८६४ साली ते एम. ए. झाले आणि १८६६ साली कायद्याची पदवी त्यांनी मिळवली. सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टनमधील प्राध्यापक अशा पायऱ्या चढत १८७१ साली ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या कार्यात ते आरंभापासूनच ओढले गेले होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेला त्यांनी अभ्यासाची बैठक दिली.

याच काळात विधवांच्या पुनर्विवाहाची चळवळ विष्णुशास्त्री पंडित यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. १८६९ साली मुंबईत एक पुनर्विवाह जाहीरपणे झाला. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर सही करणाऱ्यांत रानडे होते आणि त्याबद्दल धर्मपीठाने त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर या प्रश्नावर मोठा शास्त्रार्थ झाला, पण रूढीचीच सरशी झाली. तरुण रानडे त्या वेळी डगमगले नाहीत. त्यांच्या आयुष्यातील हा तेजस्वी काळ होय.

परंतु १८७३ साली कसोटीचा क्षण आला. त्यांची पहिली पत्नी निवर्तली. पुनर्विवाहाचा पुरस्कार करणारा हा ३१ वर्षांचा सुधारक आता विधवेशीच विवाह करील, अशी सहकाऱ्यांची अपेक्षा होती. वडिलांना नेमकी तीच भीती होती. त्यांनी घाईने दुसरा विवाह ठरवला. रानड्यांची इच्छा नव्हती. पण वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ११ वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. ती मुलगी म्हणजे पुढे सेवासदनच्या कार्यामुळे विख्यात झालेल्या रमाबाई रानडे. घरातील स्त्रियांचा विरोध असतानाही रानड्यांनी त्यांना शिकवले, सभेत बोलायला उभे केले. आपल्या नाशिकला १८७८ साली रानड्यांची बदली झाली, तेव्हा रमाबाईंच्या सार्वजनिक वावराला येथेच सुरुवात झाली. हे सगळे खरे आहे आणि ते रानड्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तरीही त्या विवाहात त्यांनी आपल्या तत्त्वाशी तडजोड केली, हे कोणत्याही गौरवग्रंथाने झाकता येत नाही.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडामुळे इंग्रज सरकार पुण्याच्या पुढाऱ्यांकडे संशयाने पाहू लागले. रानड्यांना धुळ्याला पाठवण्यात आले आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. नाशिक ते धुळे हा आग्रा रस्ता आपल्या तालुक्यातील उमराण्यावरून जातो. त्या रस्त्याने एसटीतून जाताना विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. इतिहास पुण्या-मुंबईतच घडतो असे नाही.

न्यायाधीश रानड्यांचे सर्वांत मोलाचे काम याच सुमारास सुरू झाले, आणि आपल्या विषयाशी त्याचा जवळचा संबंध आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. अनेक ठिकाणी त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, तो कर्जरोख्यांवर होता. सापडतील ते रोखे त्यांनी जाळले. निरक्षर शेतकरी न वाचलेल्या कागदावर निशाणी करी आणि ती निशाणी म्हणजे कर्जाची कबुली समजून न्यायालय हुकूमनामा देई. या अनुभवातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १८८१ पासून या कायद्याच्या अंमलबजावणीशी रानड्यांचा न्यायाधीश म्हणून संबंध आला आणि पुढे ते त्याखालील विशेष न्यायाधीश झाले. गावोगाव फिरून त्यांनी कनिष्ठ न्यायालयांच्या कामाची तपासणी केली. या कायद्यातील एक तरतूद विलक्षण होती. ऋणकोने कर्ज कबूल केले तरी तेवढ्यावर न्यायालयाने थांबायचे नव्हते. ती कबुली खरी आहे आणि सावकाराविरुद्ध आपले कायदेशीर हक्क कोणते हे पूर्ण जाणून ती दिलेली आहे, अशी न्यायाधीशाची सकारण खात्री झाली पाहिजे. तशी खात्री नसेल, तर व्यवहाराच्या मुळापासून चौकशी करायची.

ही तरतूद नीट ध्यानात घ्यावी. दुबळ्याच्या तोंडून निघालेली कबुली बलवानाने वदवून घेतलेली असू शकते, हे कायद्याने येथे मान्य केले. हेच तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात फौजदारी खटल्यांसाठी आले होते. धाक, आमिष किंवा वचन देऊन मिळवलेला कबुलीजबाब ग्राह्य नाही. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कोठडीतील आरोपीने तो दंडाधिकाऱ्यासमोर द्यावा लागतो, आणि दंडाधिकाऱ्याने त्याला आधी बजावावे लागते की, असे बोलण्याचे तुझ्यावर बंधन नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, हा मूलभूत हक्कच झाला. पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली असली, तरी हा गाभा कायम आहे. सारांश, कायद्यातील कबुलीचा प्राण म्हणजे स्वेच्छा.

आता धर्माच्या दरबाराकडे वळू. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी शहरातील प्रतिष्ठित मंडळींना तेथे बोलावले होते. व्याख्यानानंतर मिशनमधील स्त्रियांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला, कोणी हात आखडता घेतला. नंतर गोपाळरावांनी उपस्थितांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात एकच गदारोळ उडाला. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा म्हणजे धर्मभ्रष्टता, अशी फिर्याद शंकराचार्यांपुढे गेली. चौकशीसाठी त्यांनी शास्त्र्यांचे मंडळ नेमले. आरोपींत रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. इतर अनेकांना बहिष्काराचा जाच सुरू झाला. त्यांच्या घरी पुरोहित येईनात, मुलींच्या सासर-माहेरच्या येण्याजाण्यात अडथळे येऊ लागले.

रानड्यांना व्यक्तिशः या बहिष्काराची फारशी पर्वा नव्हती. एकवीस वर्षांपूर्वी तो त्यांनी सोसलाच होता. परंतु मित्रांच्या कुटुंबांची कुचंबणा त्यांना पाहवली नाही. आपण प्रायश्चित्त घेतले तर या लोकांचाही मार्ग मोकळा होईल, असे मानून १८९२ साली त्यांनी प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना हे रुचले नव्हते. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. सुधारकांच्या गोटात निराशा पसरली, आणि सनातन्यांना तर विजयच मिळाला.

या घटनेतील विसंगती विचार करण्याजोगी आहे. चहाच्या पेल्यात पाप आहे, असे रानड्यांना वाटत नव्हते. जे पाप नाही असे मनोमन ठाऊक आहे, त्याचे प्रायश्चित्त त्यांनी केले. शेतकऱ्याची निशाणी खरी कबुली आहे की दडपणाखालची, हे वर्षानुवर्षे तपासणारा न्यायाधीश स्वतः जातीच्या दडपणाखाली निशाणी करून मोकळा झाला. त्याच्या न्यायालयात असा कबुलीजबाब आला असता, तर त्याने तो टिकू दिला नसता.

दुसरी विसंगती याहून खोल आहे. ११ वर्षांच्या मुलीशी विवाह केल्याबद्दल धर्मपीठाने रानड्यांना कधीही जाब विचारला नाही. उलट तो विवाह धर्मसंमत होता. जाब विचारला तो विधवेच्या विवाहाला पाठिंबा दिल्याबद्दल आणि परधर्मीयाच्या हातचा चहा घेतल्याबद्दल. यावरून त्या व्यवस्थेत पापाची व्याख्या काय होती ते स्पष्ट होते. माणसाला इजा झाली की नाही, हा तेथे प्रश्नच नव्हता. शिवाशिवीची रेघ ओलांडली की नाही, एवढाच प्रश्न होता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तेसुद्धा वर्णानुसार मोजून दिली आहेत. ब्राह्मणाच्या हत्येला जे प्रायश्चित्त, त्याचा सोळावा हिस्सा शूद्राच्या हत्येला. जेथे कबुलीचे मापच जातीने ठरते, तेथे कबुलीने मन शुद्ध होत नाही, जात तेवढी शुद्ध होते.

या शुद्धीच्या विधीत पंचगव्याला मोठे स्थान होते. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण यांचे हे मिश्रण. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी तळे शुद्ध केले ते याच वस्तूंनी. पुण्यातील चहाचा पेला आणि महाडचे तळे यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. मात्र पुण्यात जो बाटला असे मानले गेले, त्याला परत आत घेण्यासाठी विधी होता. महाडला ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटले असे मानले गेले, त्यांना आत घेण्यासाठी कोणताच विधी नव्हता. रानड्यांना परतीची वाट होती, आपल्या पूर्वजांना ती नव्हती. हा फरक लक्षात ठेवल्याशिवाय रानड्यांची वेदना किंवा त्यांची मर्यादा, दोन्हीही नीट समजत नाहीत.

चूक कबूल करण्याची बौद्ध परंपरा या पार्श्वभूमीवर पाहावी. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्खू एकत्र येऊन पातिमोक्खाचे पठण करतात. ज्याच्या हातून नियमभंग झाला असेल, त्याने तो सहकारी भिक्खूला सांगायचा. वर्षावासाच्या शेवटी पवारणा होते. त्या वेळी माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. चुकीची क्षमा करणारा कोणी ईश्वर येथे नाही आणि दक्षिणा घेऊन पावती देणारा पुरोहितही नाही. चूक चूक म्हणून ओळखणे, ती सांगणे आणि पुढे संयम पाळणे, एवढेच आहे. पित्याची हत्या केलेल्या राजा अजातशत्रूने भगवंतांसमोर आपला अपराध कबूल केला. भगवंतांनी ती कबुली स्वीकारली; पण त्या कर्माचा परिणाम पुसला गेला असे म्हटले नाही. कबुलीने भूतकाळ बदलत नाही, माणूस बदलू शकतो, असा त्याचा अर्थ. आणि या नियमांचा सर्वश्रेष्ठ जाणकार कोण होता? नापित कुळात जन्मलेले स्थविर उपाली. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे निवेदन त्यांनीच केले. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी हीच शिस्त पाळली असेल. सहलीला गेल्यावर त्या लेण्यांत क्षणभर शांत बसून हे आठवावे.

रानड्यांचे उरलेले चरित्र थोडक्यात सांगतो. १८८७ साली त्यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषद सुरू झाली. न्यायमूर्ती तेलंगांच्या निधनानंतर १८९३ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९५ साली पुण्यात काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवण्यास कडवा विरोध झाला आणि ती दुसरीकडे घ्यावी लागली. १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा स्थापन केली. १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६ जानेवारी १९०१ रोजी, वयाची ५९ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

रानड्यांच्या काळातच त्यांच्या मर्यादा दाखवणारा एक माणूस पुण्यात होता. १८७५ साली स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत रानडे आणि महात्मा जोतीराव फुले बरोबर चालले होते. परंतु १८८५ साली रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले, तेव्हा जोतीरावांनी ते पत्राने नाकारले. शूद्रातिशूद्रांचे हक्क ज्यांना मनापासून मान्य नाहीत, त्यांच्या सभेत आमचे काय काम, असा त्या पत्राचा आशय होता. सामाजिक परिषदेचे कार्य बव्हंशी उच्चवर्णीय कुटुंबाच्या सुधारणेपुरते राहिले, जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालणे तिला जमले नाही, हे बाबासाहेबांनीही १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

आणि तरीही १८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात बाबासाहेबांनी रानड्यांचा गौरव केला. व्यक्तिपूजेचा निषेध त्यांनी त्याच व्याख्यानात केला. पण सामाजिक सुधारणेसाठी झटणारा पुरुष म्हणून रानड्यांना थोरांत स्थान दिले. हक्कांचे खरे रक्षण कायदा करत नाही, समाजाची नैतिक जाणीव करते, हा त्यांच्या मांडणीतील मुख्य विचार होता. समाजाचा विवेक जागा नसेल, तर कायदा, संसद आणि न्यायालय यांपैकी कोणीही हक्क वाचवू शकत नाही. रानड्यांचे जीवन त्याचा पुरावाच आहे. प्रांतातील थोर विधिज्ञ आणि पुढे उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झालेला माणूसही जातीच्या बहिष्कारापुढे नमला.

आता थोडे स्वतःविषयी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, एका दुसऱ्या शाळेच्या वसतिगृहात, एका मुलाचे पैसे हरवले. ज्याच्यावर संशय होता त्या मुलाला मी सर्वांसमोर उभे केले, दरडावले, आणि त्याने चोरी कबूल केली. दोन दिवसांनी ते पैसे हरवलेल्या मुलाच्याच पेटीत, वहीच्या पुठ्ठ्यात सापडले. मी त्या मुलाला एकट्याला बोलावून चुकलो म्हणालो. पण ज्यांच्यासमोर त्याला चोर ठरवले होते, त्या वर्गासमोर मी काही बोललो नाही. मास्तरांचा मान राहिला पाहिजे, असे तेव्हा वाटले. इतिहासात एम. ए. करताना रानड्यांच्या प्रायश्चित्ताविषयी मी टीकेने लिहिले होते. माझी स्वतःची निम्मी कबुली मात्र कित्येक वर्षे अंगावर राहिली. आज या स्मरणिकेत ती पूर्ण करतो. तो विद्यार्थी हे वाचेल की नाही, ठाऊक नाही.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना, ज्यांच्यापैकी कित्येकजण आज शिक्षक, पोलीस, वकील, अधिकारी आहेत, एक विनंती करावीशी वाटते. मुलाकडून, हाताखालच्या माणसाकडून, कोठडीतील गरिबाकडून धाकाने कबुली काढू नका. तिच्यात सत्य नसते, केवळ भीती असते. आणि आपली चूक झाली तर ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासमोर, जितक्या लोकांसमोर अन्याय केला तितक्या लोकांसमोर सांगा. रानड्यांनी न केलेल्या पापाचे प्रायश्चित्त घेतले, कारण त्यांच्या समाजाने त्यांच्याकडून तेच मागितले. आपण १९५६ साली असा धम्म स्वीकारला आहे की, जेथे मागणारा दुसरा कोणी नाही. तेथे आपल्यालाच आपल्याकडे मागावे लागते. ते अधिक कठीण आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!